कवळी सरकारी दवाखान्यात करावी की खासगीत? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

घरात कुणाचे दात काढायची वेळ आली की बोलणं लगेच खर्चावर येतं. सरकारी दवाखान्यात कमी पैशांत होईल, पण बसेल का? खासगीत पैसे मोजले तर नक्की चांगली होईल ना? माझ्या आईची कवळी सरकारी दंत रुग्णालयात झाली आणि सासऱ्यांची खासगी दवाखान्यात. दोन्हीकडे मी बरोबर होते, आणि दोन्ही कवळ्या आज वापरात आहेत.

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. कवळी नीट बसते की नाही, हे दवाखान्याच्या पाटीवर ठरत नाही. तोंडात हाड किती उरलंय, माप किती निगुतीनं घेतलंय आणि कवळी हातात आल्यावर ती घासून जुळवून द्यायला कोण हजर आहे, यावर ते ठरतं. म्हणून आधी आपलं तोंड समजून घ्या, मग दवाखाना निवडा, आणि पैसा जिथे खरोखर फरक पाडतो तिथेच घाला. खालचा क्रमही त्याच हिशेबानं लावला आहे.

१. पहिली फेरी फक्त तपासणीची

दाताच्या डॉक्टरांकडे गेल्यावर "कवळी करायची आहे" अशी सुरुवात करू नका. "तोंड तपासा आणि काय काय पर्याय आहेत ते सांगा," असं म्हणा. कवळी मागितली की कवळीचंच बोलणं सुरू होतं आणि वाचण्यासारखे दात मागे पडतात.

खालच्या जबड्यात दोन सुळे जरी धड असले तरी ते मोलाचे आहेत. दात काढला की त्याच्या आजूबाजूचं हाड झिजायला लागतं. मूळ जागेवर असलं की तिथलं हाड बरंचसं टिकून राहतं. त्यामुळे काही वेळा अशा दाताचं रूट कॅनल करतात, वरचा भाग कापून तो बुटका करतात आणि कवळी त्यावर टेकवतात. खालची कवळी हलण्याचा त्रास यानं पुष्कळ कमी होतो. "सगळेच काढून टाकू" असं कुणी म्हणालं तर प्रत्येक दाताचं कारण विचारा. कारण असेल तर डॉक्टर एक्सरेवर बोट ठेवून दाखवतील.

औषधांची यादी याच फेरीत द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं घेत असाल किंवा पूर्वी घेतली असतील, तर दात काढण्याआधी ते सांगायलाच हवं. हाडांच्या काही औषधांमुळे दात काढलेली जागा भरत नाही आणि जबड्याचं हाड उघडं पडू शकतं. आपल्या मनानं गोळ्या मात्र बंद करू नका. दाताचे डॉक्टर आणि औषध देणारे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं होऊ द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "माझं तोंड कवळीसाठी सोपं आहे की अवघड?" असंच्या असं विचारा. वरची कवळी टाळूवर पसरलेली असते. लाळेचा पातळ थर आणि कडांनी धरलेली हवाबंद पकड यांमुळे ती चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची असते, तिला टाळू नाही, आणि मध्ये जीभ सतत हलत असते. त्यात भर म्हणजे दात गेल्यावर खालच्या जबड्याचं पुढचं हाड वरच्यापेक्षा खूप जास्त झिजतं. वर्षानुवर्षं रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत हा फरक साधारण चौपट दिसला आहे. कवळीबद्दलच्या तक्रारी बहुतेक खालच्या कवळीच्याच का असतात, ते यावरून लक्षात येईल.

ढोबळमानानं सोपं तोंड म्हणजे हिरडीचा उंचवटा भरीव आहे, लाळ पुरेशी सुटते, आणि आधीची कवळी असेल तर ती ठीक चालत होती. अवघड तोंड म्हणजे बऱ्याच वर्षांपूर्वी दात गेलेत, खालची हिरडी सपाट झाली आहे, तोंड कोरडं पडतं, माप घेताना उलटीची उबळ येते, किंवा कंपवातासारख्या आजारामुळे जबडा आणि जीभ ताब्यात राहत नाही. हे उत्तर लिहून घ्या. पुढचा सगळा निर्णय यावरच उभा आहे.

२. कवळीचा प्रकार ठरवा

दात थोडेच गेले असतील तर अर्धवट, काढता-घालता येणारी कवळी. ती ॲक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची, असते किंवा धातूच्या सांगाड्याची. ॲक्रिलिकची स्वस्त पडते आणि पुढे आणखी दात पडला तर त्यात वाढवता येते. पण ती जाड असते आणि बराचसा भार हिरडीवर टाकते. कोबाल्ट-क्रोमच्या सांगाड्याची पातळ, मजबूत असते आणि उरलेल्या दातांवर टेकते, म्हणून हिरडी कमी दबते. उरलेले दात पक्के असतील तर माझा कौल धातूच्या कवळीला. लवचीक, तारा न दिसणारी कवळीही मिळते. ती दिसायला छान असते, पण तिची दुरुस्ती आणि आतून नव्यानं भरणं (म्हणजे सैल झाल्यावर हिरडीकडच्या बाजूला नवा थर घालणं) अवघड जातं, हे विकताना कुणी फारसं सांगत नाही.

सगळे दात गेले असतील तर पूर्ण कवळी. इथे वेळेचा प्रश्न येतो. दात काढल्या दिवशीच बसवायची तात्पुरती कवळी आधी बनवून ठेवता येते. माणूस एक दिवसही बिनदातांचा राहत नाही. पण दात काढल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हाड सगळ्यात वेगानं आकसतं, त्यामुळे ती सैल होणारच. मधे आतून भरून घ्यावी लागते आणि नंतर नवी करावी लागते. म्हणजे खर्च दोनदा. सार्वजनिक योजनेत दुसरी कवळी इतक्या लवकर मिळेल का, हे तात्पुरती करण्याआधी विचारा. नाही मिळणार असं असेल आणि थोडे दिवस दातांशिवाय काढायची तयारी असेल, तर जखमा भरून हिरडी स्थिर होईपर्यंत थांबून थेट पक्की कवळी करणं बरं.

तिसरा पर्याय इम्प्लांटवर अडकणारी कवळी. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतणारे धातूचे स्क्रू, बसवतात आणि कवळी त्यांवर बटणासारखी अडकते. खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय मानावा, असं तज्ज्ञांनी २००२ मध्ये कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात भरलेल्या परिषदेनंतर मांडलं आणि २००९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क इथल्या निवेदनात त्याला पुन्हा दुजोरा दिला. तरीही सार्वजनिक पैशांतून इम्प्लांट सहसा मिळत नाहीत. निर्णयाची खरी गाठ इथेच आहे, पाचव्या पायरीत त्याकडे येऊ.

आधीची कवळी बरीच वर्षं चांगली चालली असेल आणि आता फक्त झिजली, सैल झाली असेल, तर अगदी नवा आकार करू नका. जुन्या कवळीची नक्कल करून, आतली बाजू आणि चावा (वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) तेवढा सुधारून नवी बनवण्याची पद्धत आहे. वयस्क माणसांना, विशेषतः विसराळूपणा सुरू झालेल्यांना, तीच मानवते. जिभेला आणि गालांना जुना आकार ओळखीचा असतो. ही पद्धत दोन्हीकडे मिळू शकते, पण आपणहून विचारावं लागतं.

३. सार्वजनिक योजनेत नेमकं काय मिळतं, ते विचारा

"सरकारी म्हणजे फुकट" हे सगळीकडे खरं नाही, आणि "सरकारीत कवळी मिळतच नाही" हेही नाही. इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत कवळी सगळ्यात वरच्या शुल्काच्या टप्प्यात येते, पण त्या एका शुल्कात तपासणीपासून कवळीपर्यंतचा सगळा उपचार बसतो. जर्मनीत आरोग्य विमा ठरावीक अनुदान देतो, आणि दरवर्षी तपासणी केल्याच्या नोंदी पुस्तिकेत असल्या की ते ६० टक्क्यांवरून ७० आणि ७५ टक्क्यांपर्यंत वाढतं. फ्रान्समध्ये २०२१ पासून, पूरक विमा असेल तर, ठरावीक प्रकारच्या काढता-घालता येणाऱ्या कवळ्यांवर रुग्णाच्या खिशातून काही जाऊ नये अशी सोय आहे. कॅनडाची दंतयोजना २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. तिच्यात कवळी आहे, इम्प्लांट नाहीत. तुमची योजना यांपैकी कशासारखीही असू शकते किंवा अगदी वेगळीही. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. खिडकीवर किंवा योजनेच्या कार्यालयात हे प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या:

• मी पात्र आहे का? वय, उत्पन्न, आजार, विमा यांपैकी कोणती अट लागते?
• माझ्या वाट्याला किती रक्कम येईल, आणि ती आधी भरायची की टप्प्याटप्प्यानं?
• धातूच्या सांगाड्याची कवळी मिळते का, की फक्त ॲक्रिलिकची?
• प्रतीक्षा यादी किती लांब आहे? चावता येत नसल्यामुळे वजन घटत असेल तर नंबर पुढे घेतात का?
• कवळी मिळाल्यावर घासून जुळवून देण्याच्या फेऱ्या यातच धरल्या आहेत का?
• पुन्हा नवी कवळी किती वर्षांनी मिळते? मधे हरवली किंवा तुटली तर काय?
• उपचार सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते का?

शेवटचा प्रश्न सोडू नका. बऱ्याच योजनांमध्ये आधी मंजुरी, मग काम असा नियम असतो. काम आधी उरकून नंतर कागद भरले की पैसे मिळत नाहीत, आणि मग भांडूनही उपयोग नसतो.

दंत महाविद्यालयाचा दवाखाना जवळ असेल तर तो जरूर बघा. तिथे विद्यार्थी काम करतात म्हणून लोक बिचकतात. पण प्रत्येक टप्पा वरिष्ठांना दाखवल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढे जाता येत नाही. आईचं खालचं माप तिथल्या मॅडमनी हातात घेतलं, कडेवर एका ठिकाणी नखाएवढी जागा कमी आली होती ती विद्यार्थ्याला दाखवली आणि पुन्हा घ्यायला लावलं. घाई असलेल्या दवाखान्यात तेवढ्यावर निभावून नेलं असतं. याची दुसरी बाजूही सांगते. फेऱ्या लांबतात, परीक्षा आणि सुट्ट्या मधे येतात, आणि तुकडी बदलली की तुमची केस दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाऊ शकते. सुरुवातीलाच विचारा, "हे काम या सत्रात पुरं होईल का?"

४. खासगीत कोटेशन वाचायला शिका

खासगीची जमेची बाजू म्हणजे वेळ आणि निवड. सोयीची वेळ मिळते, डॉक्टर बदलत नाहीत, लॅब चांगली निवडता येते, दातांचा आकार-रंग मनासारखा घेता येतो. अवघड तोंड असेल तर प्रोस्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे कवळी आणि कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाकडे, थेट जाता येतं. ही शेवटची गोष्ट माझ्या लेखी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे.

पण "कवळीचे इतके" असा एकच आकडा सांगितला तर तो कोटेशन म्हणून धरू नका. वेगवेगळ्या ओळी मागा: तपासणी आणि एक्सरे, दात काढणं, मापं, मेणाची ट्रायल (पक्की करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात बघणं), कवळी, नंतरच्या जुळवणीच्या फेऱ्या, पहिल्या वर्षातलं आतून भरणं. दोन दवाखान्यांचे आकडे यानंतरच शेजारी ठेवता येतात. कमी आकड्यात बहुधा शेवटच्या दोन ओळी नसतात.

या बोलण्यांपासून सावध राहा:

"एका दिवसात कवळी." डिजिटल स्कॅन आणि मशीननं बनवलेल्या कवळ्या कमी फेऱ्यांत होतात, आणि त्या चांगल्याही असतात, आकाराची फाइल जपलेली असल्यामुळे हरवली तर पुन्हा बनवणंही सोपं जातं. पण स्कॅन आणि ट्रायल दोन्ही वगळून, एका मापावर सायंकाळी हातात दिलेली पूर्ण कवळी घेऊ नका.

"इंपोर्टेड मटेरियल, कधी तुटणार नाही." बहुतेक कवळ्या ॲक्रिलिकच्याच असतात, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून हेच चालत आलं आहे. भारी दातांचे सेट घासायला टिकाऊ आणि दिसायला सुरेख असतात हे खरं. मात्र भारी दात लावल्यानं कवळी घट्ट बसत नाही. ती घट्ट बसते मापामुळे.

"आयुष्यभराची गॅरंटी." हाड आकसत राहतं, म्हणून कवळी पाच ते दहा वर्षांत बदलावी लागते. गॅरंटी नेमकी कशाची, तुटण्याची की सैल होण्याची, ते लेखी घ्या.

"फिक्स करून देतो." शेजारच्या दातांना कच्चं प्लास्टिक चिकटवून किंवा तार बांधून खोटे दात पक्के करून देणारे नोंदणी नसलेले कारागीर अजून आहेत. त्याखाली ब्रश पोहोचत नाही, हिरडी सुजते आणि टेकू दिलेले चांगले दातही जातात. काही देशांत कवळी बनवून थेट रुग्णाला देणारे परवानाधारक तंत्रज्ञ असतात आणि त्यांचं काम उत्तम असतं. तेव्हा तंत्रज्ञ की डॉक्टर हा मुद्दा नाही, नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

५. आता निर्णय

माझं मत थेट सांगते. तोंड सोपं असेल, किंवा फक्त वरची पूर्ण कवळी हवी असेल, तर सार्वजनिक दवाखाना निःशंकपणे निवडा. मापं आणि ट्रायल नीट झाली तर महागडी कवळी याहून फार काही जास्त देत नाही. वाचलेले पैसे पुढे आतून भरण्यासाठी आणि नव्या कवळीसाठी बाजूला ठेवा.

खालची हिरडी सपाट असेल आणि थोडा खर्च झेपत असेल, तर तो दोन इम्प्लांटवर किंवा तज्ज्ञाकडच्या साध्या कवळीवर करा. सगळे दात चकचकीत असलेल्या, पण हिरडीवर तरंगणाऱ्या कवळीवर नको. इम्प्लांट झेपत नसेल तर सार्वजनिक रुग्णालयातल्या तज्ज्ञ विभागाकडे पाठवणी मागा. अवघड केस म्हणून नोंद झाली तर तिथे अनुभवी हात मिळतात.

अर्धवट कवळीचा हिशेब वेगळा आहे. योजनेत फक्त ॲक्रिलिकची मिळत असेल आणि उरलेले दात मजबूत असतील, तर धातूच्या कवळीसाठी फरकाची रक्कम भरून ती घेता येते का ते विचारा. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नियमानं बंद असतं.

थोडं सरकारीत, थोडं खासगीत हा मार्गही चांगला आहे, पण कुठे तोडायचं ते जपून ठरवा. एक्सरे, हिरड्यांचे उपचार, दात काढणं हे सार्वजनिक दवाखान्यात करून घ्या आणि कवळी खासगीत करा, यात काही अडचण नाही. वरची कवळी एकीकडे आणि खालची दुसरीकडे मात्र करू नका. चावा दोन्हींचा मिळून एक असतो. दोन हातांनी दोन वेळी केलेल्या कवळ्या एकमेकींवर नीट बसत नाहीत, आणि मग दोन्हीकडून "दोष पलीकडच्या कवळीचा" हेच ऐकावं लागतं. तसंच एका ठिकाणी केलेली कवळी दुसरे डॉक्टर घासून द्यायला सहसा राजी नसतात. जिथे करणार तिथेच पुढचे काही महिने सहज जाता येईल ना, हेही बघा. फेऱ्या मारणारा माणूस कोण आहे आणि त्याला सुट्टी मिळते का, हा प्रश्न पैशाइतकाच खरा आहे.

६. सोबत ठेवायची कागदपत्रं आणि वस्तू

• ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
• योजनेचं किंवा विम्याचं कार्ड, उत्पन्नाचा किंवा सवलतीचा दाखला
• चालू औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन
• आधीचे एक्सरे आणि केसपेपर
• जुनी कवळी, तुटलेली असली तरी
• दात असतानाचा, हसतानाचा एखादा फोटो
• रोजचा चष्मा. आरशात दात बघताना लागतो

जुनी कवळी आणि फोटो हे दोन्ही लोक घरी विसरतात. डॉक्टरांना दातांची लांबी, ओठांचा आधार, चाव्याची उंची हे सगळं त्यावरूनच सापडतं.

७. मापापासून ट्रायलपर्यंत

नीट केलेल्या पूर्ण कवळीला साधारण पाच फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत प्राथमिक माप. त्यावरून फक्त तुमच्या तोंडाचा ट्रे बनतो. दुसऱ्या फेरीत त्या ट्रेनं पक्कं माप घेतात; तेव्हा डॉक्टर ओठ पुढे काढायला, जीभ बाहेर काढायला, गाल आत ओढायला सांगतात. हे मनापासून करा. कडा कुठवर जाऊ द्यायच्या ते या हालचालींनीच ठरतं. इथे आळस झाला की पुढे बोलताना कवळी उचलली जाते. उबळ येत असेल तर आधीच सांगा, आणि माप घेताना मान थोडी पुढे झुकवून नाकानं श्वास घेत राहा. तिसऱ्या फेरीत मेणाच्या पट्ट्यांवर चाव्याची उंची घेतात.

चौथी फेरी मेणाच्या ट्रायलची. दात मेणात बसवलेले असतात, अजून काहीही हलवता येतं. सगळ्यात जास्त वेळ द्यायची ही फेरी, आणि सरकारी-खासगी दोन्हीकडे सगळ्यात घाईत उरकली जाते तीही हीच. खुर्चीत आडवं पडून बघू नका. उठून बसा, जमलं तर खिडकीपाशी उजेडात आरसा धरा. साठपासून सत्तरपर्यंत मोठ्यानं मोजा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना वरखालचे दात एकमेकांवर आपटले तर उंची जास्त आहे. आईचे आपटत होते, आणि तिथेच बसून उंची कमी करून मिळाली. "स"ला शिट्टी वाजली तर तेही सांगा. "फ" आणि "व" म्हणताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाला अलगद टेकायला हवी. मग तोंड मिटून स्वस्थ बसा: ओठ ताणून मिटावे लागतात का? हनुवटी फार वर येते का?

दिसण्याबद्दल खरं बोलणारं एखादं घरचं माणूस बरोबर न्या. फार पांढरे, एकसारखे, सरळ रेषेतले दात खोटे दिसतात. थोडा वाकडेपणा, वयाला शोभेल असा रंग मागायला संकोच करू नका. या फेरीत "ठीक आहे" म्हटलं की पुढे ॲक्रिलिक होतं आणि मग बदल म्हणजे नवी कवळी. पटलं नसेल तर दुसरी ट्रायल मागा. सरकारी दवाखान्यातही ती मिळते. मागं रांग आहे म्हणून गप्प बसू नका.

पाचव्या फेरीत कवळी हातात येते. घालायला, काढायला तिथेच शिका. घरी जाऊन झटापट करू नका. ज्येष्ठ व्यक्ती पुढे रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात राहण्याची शक्यता असेल तर कवळीच्या आत नाव घालून मागा.

८. पहिले काही आठवडे

पूर्ण कवळीनं चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याची असते. हे आधी माहीत असेल तर निराशा कमी होते. सुरुवातीला मऊ, बारीक तुकडे, आणि एकाच बाजूनं न चावता दोन्ही बाजूंना थोडं थोडं. पुढच्या दातांनी तोडून खायला गेलात तर कवळी मागून उचलते. लाळ जास्त सुटेल, बोलताना अडखळाल. घरात मोठ्यानं वर्तमानपत्र वाचलं की जीभ लवकर सरावते.

हिरडीला फोड येणं, एका जागी टोचणं हे जवळपास सगळ्यांना होतं. कवळी काढून ठेवून दोन आठवड्यांनी दवाखान्यात गेलात तर जखम भरलेली असते आणि डॉक्टरांना घासायची जागा सापडत नाही. दुखत असेल तर कवळी काढा, पण जायच्या आदल्या दिवसापासून पुन्हा घाला, म्हणजे लाल डाग नेमका दिसेल. घरी कानस, सॅंडपेपर किंवा फेविक्विकला हात लावू नका. एका चुकीच्या घासण्यानं हवाबंद पकड जाते आणि ती घरी परत आणता येत नाही.

कवळी चिकटवण्याची पेस्ट थोडी वापरायला हरकत नाही. पण दिवसातून तीनतीनदा भरपूर लागत असेल तर कवळी बसलेली नाही, दवाखान्यात जा. जस्त असलेल्या पेस्टचा वर्षानुवर्षं अतिवापर केल्यानं शरीरातलं तांबं घटून नसांना इजा झाल्याची प्रकरणं झाली आहेत, तेव्हा जस्त नसलेलीच घ्या.

९. रोजची निगा

प्रत्येक जेवणानंतर धुवा. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणानं आतून-बाहेरून घासा. टूथपेस्टनं चरे पडतात. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. धुताना खाली पाण्यानं भरलेलं भांडं किंवा टॉवेल ठेवा, कारण कवळ्या बेसिनमध्ये पडूनच तुटतात. रात्री काढून पाण्यात ठेवा. टाळू लाल होणं, तोंडाच्या कडा चिरणं हे बुरशीचं लक्षण असू शकतं, आणि रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांत ते जास्त दिसतं. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या लोकांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट आढळला होता.

एकही दात उरला नसला तरी वर्षातून एकदा तोंड दाखवा. कवळीखालची न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर वाट न बघता तपासून घ्या.

१०. बसलीच नाही तर

आधी ज्यांनी केली त्यांच्याकडे जा, आणि नेमकं सांगा: कुठे टोचते, कधी सुटते, बोलताना की चावताना. "बरोबर नाही" एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही. घासून, मग आतून भरून बघतात. दोन्ही करूनही भागलं नाही तर चावा किंवा मापच चुकलेलं असतं, आणि तेव्हा नव्यानं करून द्या असं स्पष्ट मागायला हवं. खासगीत लेखी कोटेशन आणि पावत्या उपयोगी पडतात. सार्वजनिक रुग्णालयात विभागप्रमुखांना केसपेपर दाखवून दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागता येतं. प्रत्येक फेरीची तारीख आणि काय केलं ते एका वहीत टिपून ठेवा. सासऱ्यांची कवळी केली त्या खासगी दवाखान्यात तिसऱ्या जुळवणीला वेगळे पैसे सांगितले, तेव्हा कोटेशनमधली "सहा महिने जुळवणी समाविष्ट" ही ओळ दाखवल्यावर विषय तिथेच मिटला.

नवी कवळी नीट चालायला लागली तरी जुनी टाकून देऊ नका. पाण्यात किंवा ओलसर फडक्यात, डबीत ठेवा. नवी दुरुस्तीला गेली की तेवढे दिवस तीच लागते, आणि पुढच्या कवळीच्या वेळी नक्कल करायलाही तीच कामाला येते.